नकाशावरून खरवडलेली जमीन

मी, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त आरेखक, नगररचना कार्यालय, राहणार याच घराचा वरचा मजला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं नाव या कागदाच्या पाठीमागे लिहिलं आहे, वर नाही. नाव आधी वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. डावा गुडघा आणि फुप्फुसं शाबूत नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. माझ्यावर आज कोणाचाही दबाव नाही. होता तेव्हा मी काय केलं, ते कलम सहामध्ये येईल.

कलम १. घर. दोन खोल्या, एक गच्ची, जिन्याखाली कोळशाची जुनी खोली. वाटे आमच्या धर्माने ठरवून दिलेले आहेत, त्यात मी कारकुनी करणार नाही. अर्धं माझ्या एकुलत्या एका मुलीला, उरलेलं माझ्या धाकट्या भावाला. धाकटा घेणार नाही हे मला माहीत आहे. म्हणेल, त्याची भिंतसुद्धा नको. तसं म्हणाला तर त्याने आपला वाटा माझ्या मुलीला लिहून द्यावा. पुतणीवर त्याचा राग नाही.

या घराबद्दल मुलीला एक गोष्ट सांगायची राहिली. तू लहानपणी विचारायचीस, आपण गल्लीच्या अगदी टोकाला नाल्याशेजारी का राहतो. त्याआधी मी आणि तुझ्या अम्मीने कार्यालयाजवळ सात घरं पाहिली. चार ठिकाणी मालक म्हणाले, "वा, सरकारी नोकर! सामान कधी आणताय?" मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की त्यांच्याकडे गावाहून पाहुणे यायचे आणि खोली लागायची. चारही घरांत एकाच महिन्यात पाहुणे! तुझी अम्मी म्हणायची, आपण पाय ठेवला की लोकांचे नातेवाईक जन्माला येतात. हे घर पुढे ज्याच्याकडून विकत घेतलं, त्या नाल्याशेजारच्या मालकाला पाहुणे नव्हते. वास इतका होता की कोण येणार.

कलम २. बँकेत जे आहे ते कलम एकच्या वाट्याप्रमाणे. त्यातून आधी माझ्या दफनाचा सगळा खर्च वजा करावा, गाडीच्या भाड्यासकट. जमातीच्या पेटीतून एक पैसाही घेऊ नये. माझा तो हक्क उरलेला नाही.

कलम ३. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन गुण्ये, शाईच्या पेनांचा संच (०.२ चं टोक वाकडं आहे, सरळ करायला जाऊ नये), पितळी कंपास. हे सगळं माझ्या नातीला, म्हणजे मुलीच्या मुलीला. ती हीच कामं कॉम्प्युटरवर करते. मी तिला एकदा सांगितलं, आमच्या वेळी ट्रेसिंगवर चूक झाली की ब्लेड अर्धं मोडून शाई हळूहळू खरवडावी लागायची, अर्धा तास जायचा. ती हसली, म्हणाली, "नाना, आता एक बटण दाबलं की गायब." बाळा, हे जास्त वाईट आहे. खरवडताना निदान हात थांबायला वेळ असतो. माझा थांबला नाही ती गोष्ट वेगळी.

कलम ४. भिंतीवरचं घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने दिलेलं. ते कार्यालयाला परत करावं. चालू आहे, सेल नवा घातला आहे. त्या समारंभात हेडक्लार्क भाषणात म्हणाले होते, "छत्तीस वर्षांत कधी वाटलंच नाही की हे *त्यांच्यातले* आहेत. अगदी आपल्यासारखे!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे तुम्ही छत्तीस वर्षं लपून बसला होता." त्या दिवशी मी जेवलो नाही. खरं बोललेलं मला पहिल्यापासून झोंबतं.

ती काही चुकीचं बोलली नव्हती. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर त्यांच्या देवाचं नाव पितळी अक्षरात होतं, त्याला कोणाचीच हरकत नव्हती, माझीही नव्हती. मी मात्र छत्तीस वर्षांत एकदाच शुक्रवारी दुपारचा पाऊण तास मागितला. साहेब म्हणाले, "कार्यालयात धर्म आणू नका." त्यानंतर मी मागितला नाही. जुन्या नकाशांच्या खोलीत रॅकच्या मागे कधी जमलं तर नमाज पढायचो, चोरी केल्यासारखा, पाठीमागे पावलं वाजली की फाइल शोधायचं सोंग करायचो. देवासमोर उभं राहून सोंग करणारा माणूस नकाशात काय करेल, ते साहेबांनी तेव्हाच ओळखलं असणार.

कलम ५. मोठे साहेब. त्यांना मी काही ठेवत नाही. त्यांच्या नावाचं उद्यान झालं आहे, त्यात एक कारंजं आहे, ते बंद असतं. तेवढं पुरे.

कलम ६. आता मुद्द्याचं. हे कलम मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

गावाच्या उत्तर वेशीबाहेर आमच्या लोकांची दफनभूमी होती. अब्बांचे अब्बाही तिथेच आहेत. आमच्या जमातीची रीत अशी की कबरीवर दगड नाही, नाव नाही, ओटा नाही. नुसती माती. दोन-तीन पावसाळ्यांत ती जमिनीला समतल होते. अब्बा म्हणायचे, मेल्यावर नाव लावणं हा शेवटचा गर्व, तो खालीच ठेवून जावं. मग कोण कुठे आहे हे कसं कळायचं? कबर खोदणाऱ्या म्हाताऱ्याला पाठ होतं. कोपऱ्यातल्या बाभळीपासून पावलं मोजत तो सांगायचा: इथे अमक्याची बायको, इथे शिंपी, इथे शिंप्याचे दोन मुलगे.

एकोणीस वर्षांपूर्वी विकास आराखड्यासाठी त्या भागाची मोजणी निघाली. मी स्वतः गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला आमचा साखळीवाला होता. हुद्दा साखळीवाला, मोजणीची साखळी कधीच गेली होती. तो आमच्या धर्माचा नाही. आत शिरल्यावर त्याने चपला काढून हातात घेतल्या. मी म्हणालो, "काटे आहेत, घाल." तो म्हणाला, "साहेब, खाली माणसं आहेत. असं कसं चालायचं?" मी म्हणालो, "घाल रे, उशीर होतोय." माझ्या बाळाच्या अंगावरून मी बूट घालून चाललो आणि परधर्मातला माणूस अनवाणी. आमचा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला होता. बाभळीपासून एकतीस पावलं पूर्वेला, मग चार उत्तरेला.

म्हाताऱ्याने तीन दिवस पावलं मोजून सांगितलं आणि मी सगळं मोजणीवहीत उतरवलं. रांगा, अंतरं, संख्या. दोनशे चौदा. म्हाताऱ्याला आठवतात तेवढ्याच. कार्यालयात येऊन ट्रेसिंगवर दफनभूमीची खूण शाईने काढलीसुद्धा. त्याच कागदावर दुसऱ्या समाजाची स्मशानभूमी होती, तिसऱ्यांची कुंपणभिंतीच्या आतली दफनभूमीही होती. दोन्ही खुणा मीच काढल्या होत्या.

मोठ्या साहेबांनी बोट ठेवलं. "इथे बांधकाम आहे?"

"नाही साहेब."

"भिंत? दगड? पाटी?"

"नाही. आमच्यात लावत नाहीत."

"मग जमिनीच्या वर जे नाही ते नकाशात कसं येईल?"

मी म्हणालो, "साहेब, दोनशे चौदा कबरी आहेत."

तेव्हा ते हसले, रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचं आहे म्हणून तुम्हाला दिसतंय."

एवढंच. धमकी नाही, काही नाही. आणि मी काय केलं? मी घाबरलो की लोक म्हणतील, बघा, संधी मिळाली की आपल्या लोकांची बाजू घेतो. जन्मभर निःपक्षपाती दिसायची हौस! बाकीच्यांना कधी दिसावं लागलं नाही. त्यांनी आपापल्या देवळाची हद्द दोन फूट वाढवली तरी ती मोजणीतली चूक, आणि मी आहे ते लिहिलं तरी पक्षपात. मी टेबलावर परत आलो, ब्लेड अर्धं मोडलं आणि खूण खरवडून काढली. त्या जागी लिहिलं: "मोकळी जागा". माझं अक्षर फार सुरेख आहे. सगळे म्हणतात.

निवृत्तीच्या वेळी जुन्या मोजणीवह्या रद्दीत निघाल्या. ती वही मी पिशवीत घालून घरी आणली. सरकारी दप्तर घरी नेणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मनात होतं की कधीतरी उपयोगी पडेल. पुढे दोनच वर्षांनी त्या मोकळ्या जागेभोवती पत्रे उभे राहिले, बाभूळ कापली आणि वाहनतळाचं काम सुरू झालं. वही उपयोगी पडायची वेळ आली तेव्हा मी मूग गिळून बसलो.

धाकटा कोर्टात गेला. तो मोटर वाइंडिंगचं काम करतो, कायद्याचं त्याला काही कळत नाही, पण दुकान बंद करून तारखांना जायचा. सरकारी वकिलाने माझा नकाशा पुढे केला. नोंद नाही, म्हणजे दफनभूमी नाही. म्हाताऱ्याची तोंडी साक्ष झाली. वकील त्याला म्हणाला, पावलं म्हणजे किती फूट? म्हातारा उठून चालायला लागला, तर कोर्टात लोक हसले. वर्षभरात तो गेला.

धाकटा इथे आला होता. याच पलंगावर बसला. म्हणाला, "दादा, नकाशा तुझा आहे. तुझ्याकडे काही आहे का? चिठ्ठी, टिपण, काहीही?" वही त्याच्या पाठीमागच्या कपाटात होती, हात लांब केला तर लागेल इतकी. मला पेन्शन दिसली, पोलीस दिसले, मुलीचं सासर दिसलं. मी म्हणालो, "नाही." तो जिन्यात थांबून म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." मग दहा वर्षं बोलला नाही. त्याला फक्त नकाशाबद्दल माहीत होतं. वहीबद्दल माहीत असतं तर म्हणीवर भागलं नसतं.

निकाल विरुद्ध गेला, अपील अजून पडून आहे. पर्यायी जागेचे आमच्या लोकांनी तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर, "जागा उपलब्ध नाही". एकदा उपलब्ध झाली, तर आसपासच्या चारशे लोकांनी सह्या केल्या की हवा बिघडेल. त्यातल्या अकरा सह्या मी ओळखतो. माझ्या घरी जेवलेले हात आहेत. आम्ही काही जास्त मागत नव्हतो. राहायला नालाकाठ दिला, राहिलो. नमाजला रॅकमागची जागा दिली, तिथे पढलो. मेल्यावर सहा फूट प्रत्येकाला मिळतात, तेवढे आम्हालाही द्या, एवढंच. ते मेहेरबानीने नकोत, इतरांना ज्या नियमाने मिळतात त्याच नियमाने हवेत. याला लोक हट्ट म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी बायको गेली. शेवटच्या आठवड्यात ती एकच म्हणत होती, "मला बाळाजवळ ठेवा." मी हो म्हणालो. बावन्न किलोमीटरवरच्या गावात तिला टेम्पोतून नेलं. तिथले लोकही काय करणार, त्यांचीच जागा भरत आली आहे. कुंपणाला लागून, गटाराच्या कडेला एक जागा मिळाली. ती मरत असतानाही तिच्याशी खोटं बोललो आणि मेल्यावर नाल्याकाठीच नेऊन ठेवली.

मी संध्याकाळी वाहनतळावर जातो. माझ्या मोजणीने बाळ जिथे येतं, त्या शेहेचाळीस नंबरच्या जागेत उभा राहतो. तिथला पहारेकरी भला माणूस आहे, दर वेळी विचारतो, "काका, तुमची गाडी कुठली?" मी म्हणतो, शोधतोय.

तर ती मोजणीवही, हिरव्या कापडी बांधणीची, पाने शहाण्णव, माझ्या मृत्यूनंतर धाकट्या भावाला द्यावी. कपाटाची किल्ली मुलीकडे आहे. वहीबरोबर त्याच्या वकिलाला हेही सांगावं: मूळ ट्रेसिंग मागवून घ्यावं आणि उजेडासमोर धरावं. खरवडलेल्या जागी कागद पांढुरका होतो आणि शाईची रेघ फुटते. चारशे सदतीस क्रमांकाच्या ट्रेसिंग शीटवर, उत्तर वेशीपाशी, ते दिसेल. हे मलाच माहीत आहे.

कलम ७. माझा देह. बायकोच्या गावी न्यावा. तिच्या जवळ जागा नसेल तर जिथे असेल तिथे. आणि माझ्या कबरीवर दगड लावावा. चांगला गुडघाभर उंच, सिमेंटात पक्का बसवलेला. जमातीतले म्हातारे नाक मुरडतील, मुरडू द्यावं. अब्बा, माफ करा. नम्रता सगळ्यांनी पाळली तर शोभते. आपण एकट्याने पाळली की लोक त्यावर पार्किंग करतात.

कलम ८. माझा जनाजा उचलायला धाकट्याने यावं अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही.

येथवर मंगळवारी लिहून झालं. सह्यांसाठी डॉक्टर आणि साखळीवाला दोघांना बोलावून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. साखळीवाला आता पंच्याहत्तरचा आहे. तो खुर्चीत न बसता जमिनीवरच बसला. कलम सहा वाचून संपलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे वही मेल्यावर देणार?"

मी म्हणालो, "हो, तसं लिहिलंय ना."

"आणि तोवर धाकटे साहेबच गेले तर? त्यांचं मागच्या साली हार्टचं ऑपरेशन झालं. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं.

"तुमचं मेल्यावर काय जाणार हो, साहेब?" तो म्हणाला. "पेन्शन तर तेव्हा तशीही बंद."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. मला इतका राग आला की मी त्याला उठून जा म्हणालो. तो गेला नाही. मग मीच सही न करता पेन बंद केलं. रागावलो ते खरं बोलला म्हणून, हे लिहायला मला तीन दिवस लागले.

आज शुक्रवार. नमाजनंतर मी वही घेऊन धाकट्याच्या माडीवरच्या दुकानात गेलो. तो एका पंपाच्या मोटरला तार गुंडाळत होता. बस म्हणाला नाही. मी वही काउंटरवर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कपाटासकट. त्याने हात पुसले, पानं उलटली. अम्मा-अब्बांच्या रांगेवर बोट ठेवलं. मग शेवटचा आकडा पाहिला.

"त्या दिवशी ही कपाटात होती?"

"हो."

"माझ्या मागे?"

"हो."

त्याने वही पिशवीत घातली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "अठराला अपिलाची तारीख आहे. नुसती वही दिली तर म्हणतील घरी बसून लिहिली. तुला उभं राहून सांगावं लागेल. खोटं बोललास ते आधी, वही नंतर. जमेल?"

"जमेल."

"पेन्शन जाईल. आतही टाकतील कदाचित."

"टाकू देत."

मी विचारलं, "माफ केलंस का?"

"मी कोण माफ करणार?" तो म्हणाला. "खाली दोनशे चौदा जण आहेत, त्यांना विचार. आणि भाभीला विचार." मग तार परत हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जिना हळू उतर. पायरी तुटलीय."

म्हणून कलम सहामधली वही मृत्यूनंतर देण्याची तरतूद मी रद्द करत आहे. वही दिलेली आहे. बाकी कलमं कायम.

अठरा नोव्हेंबरला मी कोर्टात उभा राहणार आहे. त्याआधी माझं काही बरंवाईट झालं, तर या कागदालाच माझा जबाब समजावं: तिथे आमची दफनभूमी होती. मला माहीत होतं. ती मी माझ्या हाताने नकाशावरून खरवडली, आणि विचारल्यावर नाही म्हणालो.

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: २५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

(सही)
लिहून देणार, सेवानिवृत्त आरेखक

साक्षीदार १: (सही) घरचे डॉक्टर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: (सही) साखळीवाला, सेवानिवृत्त. माझ्यासमोर सही केली. अठराला मीपण येणार आहे. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.